उजेडाची बाजू

"ही नाय, सर."

सगुणाबाईंनी कागदाला हात लावला नव्हता. कमलाकर सरांनी चित्र फळीला चिमटे लावून खिडकीपाशी टेकवून ठेवलं होतं, आणि त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत लांबूनच बघत होत्या.

"नाक चुकलं का?" सरांनी विचारलं.

"नाक बरं हाय."

"मग डोळे असतील. मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात जरा मोठे, म्हणून मी..."

"डोळं पन बरं हायत." सगुणाबाई अवघडल्या. शिकल्यासवरल्या माणसाच्या घरात बसून त्याच्या कामाला नावं ठेवायची त्यांना सवय नव्हती. "सगळं बरं हाय, सर. पन ही दुसऱ्या कुनाची तरी पोर वाटते."

हे तिसरं चित्र. तीन मंगळवार त्या पोलादपूरच्या बाजूने एसटीने महाडला येत होत्या, येताना पिशवीत कधी काकडी, कधी बाटलीभर ताक आणत होत्या, आणि तीन मंगळवार सर त्यांना कुणाच्या तरी दुसऱ्याच मुलीचा चेहरा दाखवत होते.

पाच वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कुंभळवाडीवर डोंगर आला. वाडी कसली, चौदा घरं. सगुणाबाई आणि त्यांचे मालक रायबा शेळ्या घेऊन वर पठारावर गेले होते, म्हणून राहिले. मोठा नीलेश मुंबईत होता, म्हणून राहिला. धाकटी गौतमी घरी होती. दहावीचं वर्ष होतं, सुट्टीला म्हणून महाडच्या मावशीकडून वर आली होती. घर गेलं, त्यात पत्र्याची पेटी गेली, पेटीतले फोटो गेले. त्याच दोन दिवसांत महाडात पाणी चढलं आणि शाळेच्या ऑफिसातली कपाटं चिखलाने भरली. राहिली ती आधार कार्डाची एक झेरॉक्स. तिच्यावरची गौतमी पाच वर्षांची होती, आणि तीही शाईच्या डागासारखी काळी.

आता खालच्या बरड माळावर सरकारने घरं बांधून दिली होती. पुढल्या महिन्यात वास्तुशांत होती. बाकीच्या घरांतून लोकांनी कुठून कुठून मिळवून आपापल्या माणसांचे फोटो लावले होते. सगुणाबाईंच्या घरात रायबाने समोरच्या भिंतीला खिळा ठोकून ठेवला होता. खिळा अजून रिकामा होता.

"नीलेशनं मोबाइलवर एक बनवून धाडला," पहिल्या मंगळवारी त्यांनी सांगितलं होतं. "त्या बारक्या फोटोवरनं मोठी केली म्हनं मशीननं. बघते तर गोरीपान, ओठ रंगवलेली. मी म्हटलं, बाबा, ही सिनेमातली हाय. माज्या घरात इतकी गोरी कोन व्हती? मग आठवलं, सर हायत की. तुमी तिला वरीसभर चित्रकला शिकिवलीत. तुमच्या डोळ्यांपुढं असंल ना ती?"

आणि कमलाकर सर म्हणाले होते, "हो."

ते 'हो' त्यांच्या तोंडून का गेलं, ते त्यांना अजून कळलं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी मुलांना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसवलं. टेबलावर चादर, तिच्यावर तांब्या, वीट आणि दोन कांदे मांडायचे. हात ताठ करून पेन्सिल समोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि माप घ्यायचं. आधी मोठा आकार, मग बारीकसारीक. तांब्याचं तोंड गोल असतं हे तुम्हाला माहीत आहे, पण इथून ते गोल दिसत नाही, चपटं दिसतं. माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की मुलं त्यांच्या मागे नक्कल करायची आणि त्यांना ते ऐकू यायचं.

पण ते स्वतः बघायचे कागदाकडे. लाजरा माणूस, वर्गात शिरला की नजर खाली. बाकांच्या रांगांतून मागून मागून फिरायचं, मुलाच्या खांद्यावरून वाकायचं, कागदावर बोट ठेवून सांगायचं, "इथे घट्ट कर, इथे सोड." मुलं त्यांना माहीत होती ती भांगावरून, मानेवरून, पेन्सिल धरायच्या पद्धतीवरून. बाजारात एखादा बाप्या समोर येऊन "सर, ओळखलंत का?" म्हणाला, की ते गडबडून हसायचे. नाव आठवायचं नाही. चेहरा तर पाहिलेलाच नसायचा.

पहिल्या चित्राच्या रात्री जेवताना विनोदिनीबाईंना त्यांनी हे सांगितलं. त्या भात वाढत होत्या.

"आपला संसार एकोणचाळीस वर्षांचा," त्या म्हणाल्या. "माझा तीळ कुठल्या गालावर आहे, सांगा बघू."

"डाव्या," सर म्हणाले.

"गालावर नाहीच आहे. हनुवटीखाली आहे." त्यांनी आमटीची वाटी पुढे सरकवली. "त्या बाईला खरं सांगून टाका हो. उगाच खेपा घालतेय बिचारी."

सरांनी सांगितलं नाही. दुसरं चित्र त्यांनी सगुणाबाईंच्या चेहऱ्यावरून काढलं. लोक म्हणायचे पोर आईवर गेली, म्हणून त्यांना समोर बसवून, सुरकुत्या गाळून, गाल भरून. ते बघून सगुणाबाई म्हणाल्या, "ही माजी बहीण दिसते." आणि तिसरं हे, आज.

विनोदिनीबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी चित्राकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, कप ठेवले आणि आत गेल्या.

सगुणाबाईंनी चहा बशीत ओतला, पण प्यायल्या नाहीत. चित्राकडे बघून म्हणाल्या, "द्या हीच, सर."

"ही कशी देऊ? ही ती नाही म्हणता ना तुम्ही?"

"नसू दे. तुमी किती मेहनत घेतलीत. आणि खिळ्याला कायतरी पायजे. येनाऱ्याजानाऱ्याला काय ठाऊक हाय? आमी दोघं समजून घेऊ."

सरांनी कप खाली ठेवला. परकी मुलगी त्या घरात भिंतीवर चढणार, तिला हार घालणार, आणि आईबाप रोज तिच्याकडे बघून समजून घेणार. दहा वर्षांनी त्यांना तीच आठवायला लागेल. खरी पुसून जाईल. चेहरा असाच पुसतो. वरून दुसरा गिरवला की खालची रेघ राहत नाही.

"सगुणाबाई," ते म्हणाले, "मला तिचा चेहरा आठवत नाही."

त्या बघतच राहिल्या.

"पहिल्या दिवशी हो म्हणालो, ते खोटं होतं. मी कुठल्याच मुलाच्या तोंडाकडे नीट बघितलेलं नाही. मी मागून फिरायचो. मला तिचा... हात आठवतो."

"हात?"

"डावा. डावखुरी होती ना?"

सगुणाबाईंनी बशी खाली ठेवली. "डावरीच. मालक लई ओरडायचे जेवताना."

"दोन वेण्या, वर बांधलेल्या. भांग कधी सरळ नसायचा."

"मावशी घालायची. तिला कामावर जायची घाई."

"आणि अंगठ्यावर वण होता. नखाच्या मुळाशी, आत वळलेला."

सगुणाबाईंनी स्वतःचा डावा अंगठा उजव्या हातात धरला आणि नुसता दाबून ठेवला. मग म्हणाल्या, "विळा लागला व्हता. उजव्या हातात धराया लावला व्हता तिला. सात वर्सांची व्हती. मीच म्हटलं व्हतं, जा गो, वैरन काप जरा."

सर उठले. तो वण सांगताना दुसरंही काही आठवलं होतं, आणि ते इतकी वर्षं कुठे होतं कोण जाणे.

वर्गाच्या खिडक्या डाव्या हाताला होत्या. शाळा बांधतानाच तशा ठेवलेल्या. उजव्या हाताने काढणाऱ्याच्या कागदावर हाताची सावली पडू नये, म्हणून उजेड डावीकडून घ्यायचा, हे ते पहिल्याच तासाला शिकवायचे. गौतमीचा कागद नेहमी मळलेला असायचा. तळहाताची कड काळी, आणि त्या काळ्याने सगळी छटा फासलेली. ते म्हणायचे, "हाताखाली कोरा कागद घे. किती घाण करतेस?" ती घ्यायची, तरी रेघा वाकड्या जायच्या. एकदा तिने मान न वळवता विचारलं होतं, "सर, मी तिकडं तोंड करून बसू? मला दिसत नाय." आणि ते म्हणाले होते, "जागा बदलायची नाही. सगळ्यांना दिसतं, तुला कसं दिसत नाही?" परीक्षेत ती नापास झाली. पुढल्या वर्षी तिने नाव दिलं नाही.

वर्षभर पोर आपल्याच हाताच्या सावलीत चित्र काढत होती. हे त्यांना आज कळत होतं, साठी उलटून गेल्यावर.

"तुम्ही जरा इकडे बसता?" ते म्हणाले.

त्यांनी टेबल ओढलं. लाकडी पाय फरशीवर करकरले, तशा विनोदिनीबाई दारात आल्या. दोघांनी मिळून टेबल फिरवलं, खिडकी उजव्या हाताला येईल असं. स्टूल ठेवलं. सगुणाबाई त्यावर बसल्या, अंग चोरून. सरांनी कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि पेन्सिल पुढे केली.

"डाव्या हातात धरा."

"मला उजव्यानं पन येत नाय धरायला."

"चमच्यासारखी धरा," विनोदिनीबाई म्हणाल्या आणि पुढे होऊन त्यांनीच ती त्यांच्या बोटांत बसवली. "अशी. आता हलू नका. आमचे हे एकदा माप घ्यायला लागले की माशी बसली तरी हाकलू देत नाहीत."

सगुणाबाईंना हसू आलं, आणि हसताना डोळ्यांतलं पाणी ओघळलं, पण हात त्यांनी हलवला नाही.

सर त्यांच्या मागे उभे राहिले, खांद्याच्या जरा वर, जिथून ते आयुष्यभर बघत आले होते. फळीवर दुसरा कागद चिमट्यांत अडकवला, पेन्सिल लांब धरली, एक डोळा मिटला. आईचा हात रुंद होता, बोटं राठ. त्यांनी तो बारीक केला, नखं चावलेली केली. मनगटावरच्या बांगड्या गाळल्या. भांग वाकडा केला. वेणीची रिबीन एका बाजूने सुटत आलेली. गालाची नुसती एक कड, कानापासून पुढे, आणि मग कागद संपला. शेवटी अंगठा. वण त्यांनी एकदा खोडून परत घेतला.

ऊन टेबलावरून सरकून फरशीवर उतरलं, तेव्हा त्यांनी चिमटे काढले आणि कागद सगुणाबाईंच्या पुढ्यात ठेवला.

त्या पुष्कळ वेळ बघत होत्या. मग वणावर बोट ठेवायला गेल्या आणि कागदाच्या जरा वरच थांबल्या.

"पुसंल?"

"पुसेल. काचेत बसवून घ्या."

"हा तिचाच हाय."

"चेहरा मात्र..." सर म्हणाले.

"चेहरा माज्याकडं हाय. तो ऱ्हाऊ द्या." त्यांनी मान तिरकी केली. कागदातल्या मुलीपुढे एक कोरा कागद होता, स्वच्छ, त्यावर कशाचीच सावली नव्हती. "हा उजेड कुटनं येतो, सर?"

"उजवीकडून. खिडकी मी या बाजूला घेतली."

"तिच्या वर्गात अशी व्हती?"

सरांनी खोडरबराचा चुरा तळहाताने गोळा केला.

"नव्हती," ते म्हणाले.

विनोदिनीबाईंनी दिलेल्या जुन्या कॅलेंडरात सगुणाबाईंनी चित्र गुंडाळलं, वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवली. दारात चप्पल घालताना थांबल्या.

"मालकांना सांगते, खिळा खाली घ्या. लई वर ठोकलाय," त्या म्हणाल्या. "हे खाली लावाया पायजे. म्हंजे मागं उभं ऱ्हायल्यागत वाकून बघता येईल."

त्या गेल्यावर विनोदिनीबाई टेबल जागेवर सरकवायला आल्या. एक बाजू त्यांनी धरलीसुद्धा होती.

"राहू दे," सर म्हणाले.

खिडकी उजव्या हाताला घेऊन ते स्टूल संध्याकाळपर्यंत तसंच होतं. सर समोर खुर्चीत बसले होते आणि टेबलावरच्या कोऱ्या कागदाकडे बघत होते.