नखानं नको

चहाला काय काय लागतं, असं मला कुणी विचारलं, तर मी सांगते, चहाला माणूस लागतं. दूध-साखर तुमची तुम्ही घाला.

माझी जीभ तिखट आहे, हे मळ्यातल्या दगडधोंड्यांनासुद्धा ठाऊक आहे. पण हे काही माझ्या मनचं नाही, पुस्तकात छापलेलं आहे. आमची पोर शाळेत होती तेव्हा चुलीपाशी बसून मोठ्यानं घोकायची. चहाच्या पिकासाठी उष्ण व दमट हवामान, उताराची व पाण्याचा निचरा होणारी जमीन, वर्षभर विभागून पडणारा पाऊस आणि भरपूर, स्वस्त व कुशल मजूर आवश्यक असतात. मी म्हटलं, "शेवटचं पुन्हा वाच गं." तिनं वाचलं.

"म्हणजे आपण," मी म्हटलं. "ऊन, माती, पाऊस आणि आपण. शेणखत कुठे बसवलंय, आपल्या आधी का नंतर?"

पोर पोट धरून हसली. मग पुढचं वाचायला लागली, चहा हे नगदी पीक आहे, त्यातून देशाला मोठं परकीय चलन मिळतं. "नगदी म्हणजे काय?" "ज्याचे रोख पैसे मिळतात ते." "कुणाला?" तिनं पान उलटलं, परत मागे आली, आणि म्हणाली, "ते दिलेलं नाहीये, आई."

लहानपणापासून ही अशीच, मोठ्या बाईसारखी बोलणारी. म्हणून सगळे तिला ठमाकाकू म्हणायचे. मी तिला मळ्यात पाऊल टाकू दिलं नाही. शेजारणी टोमणे मारायच्या, राजकन्या वाढवतेय म्हणून. वाढवतेय तर वाढवतेय, तुमच्या बापाचं काय जातं? तिचा बाप गेल्यावर तर मी आणखीच हट्टाला पेटले. पोर शिकली, आणि या वर्षी शहरातल्या शिक्षिका होण्याच्या कॉलेजात तिला जागा मिळाली, राहण्या-जेवण्याची सोय तिथेच. त्या दिवशी मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आणि नेमकं त्याच हंगामात माझं कामाचं वय भरलं.

आमची खोली मळ्याची. एका रांगेत वीस दारं, त्यातलं एक आमचं. जोवर घरातलं कुणीतरी पानं खुडतंय, तोवर खोली. सासूबाईंची टोपली माझ्या पाठीवर आली, तशी आता माझी कुणाच्या तरी पाठीवर जायला हवी होती. घरात आम्ही तिघीच. मी, पोर, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. खिडकीशी त्यांची खाट, बोटं वाळक्या आल्यासारखी वाकडी, पण कान तिखट आणि तोंड माझ्याहून तिखट.

मुकादम दारात येऊन नियम सांगून गेला. त्याला आम्ही भोंगा म्हणतो, कानात सांगितलं तरी टेकडीपलीकडे ऐकू जातं. "मावशी, पोरगी धडधाकट आहे. ती नाही म्हणाली तर महिन्यात खोली खाली. चाचणी घेऊन नालायक ठरली तर गोष्ट वेगळी. मग म्हातारी आहे तोवर राहा."

तो गेला आणि मी आणि पोर एकमेकींकडे बघत राहिलो. दोघींच्या डोक्यात एकच आलं होतं.

"नापास व्हायचं," ती हळूच म्हणाली.

"अशी नापास हो की साहेबानं कपाळावर हात मारला पाहिजे."

खोलीही राहील आणि पोरही सुटेल. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही. मला इतका आनंद झाला की मी स्वतःलाच शहाणी म्हणून घेतलं.

पण वाईट खुडायचं तरी कसं, हे तिला कुठे माहीत? मी कुंपणाकडची चहाची एक फांदी मोडून टोपलीत लपवून आणली आणि सासूबाईंचा डोळा लागल्यावर शिकवणी सुरू केली. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या पेरात कोंब धरायचा, जरा वाकवायचा, की तो आपसूक तुटून हातात येतो. दोन पानं आणि एक कळी, बस. खालचं चिमुकलं पान झाडावर राहू द्यायचं, कारण पुढचा कोंब त्याच्याच बगलेतून येतो. नख लावायचं नाही, नखानं देठ चिरडतं आणि काळं पडतं. मूठ गच्च भरायची नाही, पान मुठीत तापतं.

"सासूबाईंनी मला जे जे करू नको म्हणून बडवलं, ते ते सगळं तू कर," मी सांगितलं. "नख लाव. ओरबाड. मुठी कोंब."

"आई, वाईट करायलासुद्धा शिकावं लागतं का गं?"

"लागतं तर. नाहीतर ढोंग कळतं."

तिनं नख लावून कोंब तोडला आणि माझ्या अंगावर काटा आला. "असंच," मी दात आवळून म्हटलं. "छान. अगदी वाटोळं केलंस." आम्ही तोंडावर हात दाबून हसलो. खाटेवरून सासूबाई खेकसल्या, "काय खिदळताय गं?" मी फांदी पदराखाली सारली.

चाचणीला मळ्याचे साहेब आले होते, छत्री काखेत, बुटांना चिखल. भोंगा म्हणाला, "मावशी, तुमच्याच ओळीत घेऊ. हातगुण असतो." मी मनात म्हटलं, मेल्या, दुसरी ओळ नव्हती का तुला? पण बोलता येईना. मला त्यानं पलीकडच्या ओळीत उभं केलं. मदत करायची नाही, तोंड उघडायचं नाही.

ती ओळ म्हणजे काय, तुम्हाला कसं सांगू. लग्न होऊन आले ती त्या ओळीत उभी राहिले. चहाचं झाड सोडलं तर घराच्या वर जातं, माहीत आहे? त्याला छाटून छाटून कंबरेएवढं ठेवतात, म्हणजे आमच्या हाताला येतं. त्याला वाटत असेल आपण झुडूपच आहोत. आम्हालाही तसंच वाटतं. त्या ओळीतल्या एकेका झाडाचा स्वभाव मला पाठ आहे. कोपऱ्यातल्या एकाच्या मुळाशी पाणी तुंबून ते मरायला टेकलं होतं. चहाला पाऊस हवा, पण पायाशी पाणी थांबलेलं चालत नाही, फार नाजूक जात. मुकादम म्हणाला उपटून टाक. मी त्याच्याभोवती स्वतः चर खणून पाणी काढलं, आणि या हंगामात त्यानं पहिल्यांदा भरभरून कोंब काढले होते.

पोरीनं सुरुवात केली. काय सांगू, नापास व्हावं तर असं! नखं लावली, जून पानं ओरबाडली, देठासकट काड्या टोपलीत टाकल्या, आणि वर हातानं दाबून बसवल्या. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. भोंगा चक्क हळू आवाजात म्हणाला, "हिच्याच्यानं नाही होणार." माझ्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत मान खाली घालून उभी राहिले, म्हणजे हसू दिसायला नको. आणखी चार झाडं झाली असती, तर संपलंच होतं.

मग ती कोपऱ्यातल्या झाडाशी आली. फांदीत नखं रुतवून तिनं ती खसकन ओढली. कोंब, खालचं चिमुकलं पान, साल, सगळं सोलून आलं.

"अगं नखानं नको!"

कोण ओरडलं, हे मला आधी कळलंच नाही. कळेपर्यंत मी ओळ ओलांडून तिच्याजवळ पोचले होते आणि तिचं मनगट माझ्या हातात होतं. "पेरानं धर! वाकव जरा. ते खालचं ठेव, पुढच्या फेरीचं आहे ते! हं, असं. आता हा." तिचा अंगठा माझ्या अंगठ्याखाली होता. टक्. कोंब स्वच्छ तुटला. टक्. दुसरा. मी हात सोडला, आणि तिसरा तिचा तिनं तोडला, दोन पानं आणि एक कळी, देठ जराही न चिरडता.

तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली. मला वाटलं धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

"बघितलंत साहेब?" भोंग्याचा आवाज परत टेकडीपलीकडे गेला. "एकदा दाखवलं की आलं. रक्तातच असतं यांच्या."

साहेब पहिल्यांदाच हसले. "हुशार आहे मुलगी," ते म्हणाले. "वाया जायला नको."

तिनं पुढच्या दोन झाडांना मुद्दाम नख लावून पाहिलं. भोंगा हसून म्हणाला, "ए पोरी, आता नाटकं पुरेत. तुला खुडायला येतं, आम्ही बघितलंय." झालं. धडधाकट आणि लायक. आता नाही म्हटलं तर महिन्यात खोली खाली.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "तू जा. उद्याच जा. आम्ही बघू काय ते."

"आजीला कुठे नेशील? पाठीवर घेऊन हिंडशील?"

"हिंडेन."

"आई, तुझ्याच्यानं टोपली उचलवत नाही आता."

मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "पुरे." एवढंच. खाटेवरच्या सासूबाईंना सगळं ऐकू गेलं होतं. माझ्यावर तोंडसुख घेतील असं वाटलं, पण त्यांनी छताकडे नजर लावली. मग म्हणाल्या, "मीच तुला जास्त मारलं गं. थोडं कमी मारलं असतं, तर आज तुझं तोंड बंद राहिलं असतं."

कॉलेजची जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली.

पहिल्या दिवशी माझी टोपली तिच्या पाठीला मीच बांधली. दोरी तिला लांब होत होती, म्हणून गाठ वर घेतली. संध्याकाळी वजनकाट्यापाशी मी उभी होते. तिनं टोपली उतरवली आणि मी आत हात घातला, सवयीनं. पान मोकळं होतं, थंड होतं, एक काडी नाही, एक देठ काळं नाही. आणि माझ्या मेल्या मनाला आधी बरं वाटलं. आधी अभिमान वाटला, वाईट नंतर.

"चांगलं आहे का?" पोरीनं विचारलं.

 मी नुसती मान हलवली. तिनं बोटांकडे बघितलं, पेरं हिरवी-काळी झाली होती, आणि शाळेत घोकायची तशा आवाजात म्हणाली, "भरपूर, स्वस्त व कुशल." मग ती हसली. मी नाही हसले.

स्वस्त तर ती या खोलीत जन्मली तेव्हापासूनच होती. कुशल तिला मी केलं.