सोमवार, मंगळवार, बुधवारच्या फुल्या

मी जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या एका स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेली दिनदर्शिका. वर्ष सरत आलंय, तेव्हा माझंही थोडं ऐका.

माझा जन्म पुण्याच्या छापखान्यातला. जयपूरला मला मुद्दाम मागवलं, कारण इथल्या पंचांगात महिना पौर्णिमेनंतर बदलतो, मराठी पंचांगात अमावस्येनंतर, आणि इंदुमतीबाईंना सण आपल्याच हिशेबानं लागतात. त्यांचा मुलगा जयंत रेल्वेत. सून रत्नप्रभा, वय बेचाळीस, माझी खरी मालकीण. गॅस कधी लावला, दूध कधी आलं नाही, सगळं ती माझ्या चौकोनांत बारीक अक्षरात लिहिते.

दोन खुणा मात्र तिच्या एकटीच्या. लाल ठिपका म्हणजे गोळ्यांचं पाकीट संपलं. मूल राहू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या. तीन आठवडे घ्यायच्या, एक आठवडा सुट्टी. पाकीट मेथ्यांच्या डब्यात, सासूबाईंच्या नजरेआड. दुसरी खूण काळी फुली. वाईट दिवस.

त्या दिवशी तिला कुकरच्या शिट्टीनं रडू यायचं. कुणी कुरडई कुरुमकुरुम चावली तरी अंगावर काटा. ‘मी या घराला नको आहे,’ असं भांडी घासताना पुटपुटायची. तीन दिवसांनी तीच बाई गुणगुणत पोळ्या लाटायची आणि झाल्या प्रकाराची लाज वाटून सगळ्यांना जास्तीचं तूप वाढायची.

जानेवारीत फुल्या सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीसला पडल्या. एकोणतीसला अमावस्या.

“अमावस्या भोवते गं तुला,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “माझ्या नणंदेलाही भोवायची.”

दारावर लिंबू-मिरची आली. पण पुढं फुल्या अमावस्येपासून सुटून मागं सरकत गेल्या. मला दिसत होतं. पण माझं एक पान वर आलं की बाकीची मागं. सगळी एकत्र बघणार कोण?

पंधरा जुलैला जयंत घेवरचा, म्हणजे इथं श्रावणात खातात त्या पाकातल्या मिठाईचा, डबा घेऊन आला. “शेजारी म्हणाले, सावन लागला.”

“त्यांचा लागला,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “आपल्याला अजून दहा दिवस आहेत. आत्ताच कशाला आणलंस?”

“आई, घेवरला कुठं तिथी कळते?”

सगळे हसले. रत्नप्रभानं डबा उचलला आणि भिंतीवर फेकला. पाक माझ्या अंगावर उडाला.

“आई, मतलब... काय झालं तुला?” लेक अनुया घाबरून म्हणाली.

“मला माहीत नाही गं.” तिला खरंच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं पुढचं पान उचलून बारा ऑगस्टच्या चौकोनात लिहिलं: ‘पुणे. एकटी. परत येणं नाही.’ आईला भेटायचंय असं सांगून जयंतकडून रेल्वेच्या पासावर तिकीटही काढून घेतलं. तीन दिवसांनी तिनं ते पुन्हा वाचलं. “अक्षर तर माझंच आहे,” म्हणाली. पण खोडलं नाही. चिडलेली खरी की हसरी खरी, हे तिला ठरवता येईना. मलाही येईना.

ऑगस्ट लागला तेव्हा पाकाच्या डागाला मुंग्या लागल्या होत्या. मला खाली उतरवून ती एकेक पान ओल्या फडक्यानं पुसू लागली. पुसता पुसता हात थांबला. फुल्या प्रत्येक पानावर सोमवार, मंगळवार, बुधवारच्या ओळींत. आधीच्या शनिवारी लाल ठिपका. तिनं बोटांनी मोजलं. अठ्ठावीस. अठ्ठावीस. पुन्हा अठ्ठावीस. बारा ऑगस्ट? मंगळवार.

तिनं जयंतला हाक मारली. तो जमिनीवर बसून बघत राहिला.

“म्हणजे अमावस्या नाही?”

“नाही.”

“मग गोळ्यांनी होतं?”

“तेच कळेना. सुट्टीच्या दिवसांत होतं. मग गोळ्यांमुळे, की गोळ्या नसल्यामुळे?”

दारातून इंदुमतीबाईंचा आवाज आला, “कसल्या गोळ्या?”

त्या दिवशी मेथ्यांचा डबाही उघडला गेला.

मालवीय नगरच्या डॉक्टरीणबाईंकडे मीही गेले, गुंडाळी होऊन, स्कूटरवर. मला टेबलावर पसरून त्या हिंदीत म्हणाल्या, कुणाला या गोळ्यांनी बरं वाटतं, कुणाला याच गोळ्या त्रास देतात. तुमचं कुठलं, आज सांगता येणार नाही. सुट्टीचे दिवस कमी करून पाहू. फुल्या मारत राहा. आणि जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर तारखेची वाट न बघता या.

तिकीट एकवीस ऑगस्टवर गेलं. ‘परत येणं नाही’ ती खोडेना. “शांत असताना ठरवीन,” म्हणाली. गेली. नऊ दिवस माझे चौकोन कोरे. तीस तारखेला पिशवी खाली ठेवून तिनं पेन उचललं आणि लिहिलं: ‘दूध आलं नाही.’

पुढं सप्टेंबरात एकच फुली. ऑक्टोबरात पुन्हा तीन. नोव्हेंबरात दोन. याचा अर्थ काय, मला विचारू नका.

काल नवी दिनदर्शिका आली. अनुयानं कपाटात अंथरायला माझी पानं मागितली. रत्नप्रभानं हात धरला. नवीच्या काही चौकोनांत तिनं आधीच पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: ‘आज काही ठरवायचं नाही.’

मला एवढंच हवंय. नवीच्या मागं, त्याच खिळ्यावर मला राहू द्या. एका पानावरून बाई कळत नाही.