बेटावरच्या रानटी बायका

कार्तिक उलटला की वेसाव्याच्या अंजनाबाईला मान वर करायला फुरसत नसे. बांबूंवर बोंबील वाळत घालायचे, कावळे हाकायचे, दुपारी टोपली घेऊन अंधेरीचा बाजार गाठायचा. पण १९८३ साली एके दिवशी खाडीपलीकडे मढला सिनेमाचे शूटिंग होते आणि त्यांना कोळणी हव्या होत्या. शेजारची सोनूबाई धरून दहाजणींना घेऊन अंजनाबाई होडीने पलीकडे गेली.

बोट फुटून बेटाला लागलेल्या शहरी कुटुंबाची गोष्ट होती, घरादाराने मिळून बघण्यासारखी. बेटावरच्या बायका मात्र रानटी. तेलात कालवलेली काजळी त्यांच्या तोंडाला फासण्यात आली. रंगवणारा हसून म्हणाला की अंजनाबाईला कमीच लागेल. बायका हसल्या, तीही हसली. एवढे काय मनाला लावून घ्यायचे, असे तिने स्वतःला समजावले.

दिग्दर्शक चंद्रप्रकाश हुशार होता, पण त्याने ओहोटीची वेळ कोणाला विचारली नव्हती. कुटुंबाची होडी पाण्यात ढकलताना अंजनाबाईने सांगून पाहिले की पाणी ओढ घेतेय, पोरीला बसवू नका. तिला गप्प उभे राहायला सांगण्यात आले. होडी कलंडली. बाप झालेला नट खडकाला धरून राहिला आणि सहा वर्षांची बालनटी ओढीबरोबर निघाली. अंजनाबाईने लुगडे आवळून उडी घेतली, मागोमाग सोनूबाईने. दोघींनी पोरीला खांद्यावर घालून वाळूवर आणले, पालथी घालून पाणी काढले. पोर रडली तेव्हा अंजनाबाईच्या जिवात जीव आला.

कॅमेरा चालूच होता. चंद्रप्रकाश खूश झाला. मागे ढोल टाकले की रानटी बायका पोरीला पळवताहेत असे झकास दिसेल. फक्त अंजनाबाईचा दात विचकलेला चेहरा जवळून हवा, असे त्याने सांगितले.

"मी तिला पलवली?"

"अगं मावशी, सिनेमा आहे ना. खरं कोण मानतंय?"

"माझी नात मानल. शालेत तिला आताच काली कोलीन म्हनतात. उद्या पोरं चोरनारनीची नात म्हनतील."

पोरीची खरी आई, पार्ल्याच्या पद्मजाबाई, लेकीला टॉवेलात गुंडाळून बसल्या होत्या. अंजनाबाई त्यांच्यापुढे उभी राहिली. "बाय, तूच सांग. तुझी पोर मी पलवली का आनली?"

पद्मजाबाईंनी दिग्दर्शकाकडे पाहिले, मग वाळूकडे.

अंजनाबाई पाण्यापाशी गेली आणि मूठभर वाळू घेऊन तोंड घासू लागली. हिच्या जागी दुसरी उभी करतो, असे चंद्रप्रकाश म्हणेपर्यंत सोनूबाई तिच्या शेजारी उकिडवी बसली होती. मग एकेक करत सगळ्याच जणी आल्या. काजळी निघेना, कातडी सोलवटली, तरी हात थांबले नाहीत. पळवापळवीचे ते दृश्य तिथेच अडले.

पुढल्या दिवाळीत सिनेमा अंधेरीला लागला. अंजनाबाई नात कमळ आणि सोनूबाई यांना घेऊन मॅटिनीला गेली. पडद्यावर होडी कलंडली, पोर वाहत गेली आणि पुढच्याच क्षणी ती वाळूवर, बापाच्या मिठीत होती. मधले काहीच नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने आईला विचारले, "ती बाहेर कशी आली गं?"

बाबांनी आणली असेल, आई म्हणाली.

अंजनाबाई उठली आणि तिने पडद्याकडे पाठ करून लोकांकडे तोंड केले. मागून 'खाली बसा' सुरू झाले. कमळने पदर ओढला. ती बसली नाही.

"मी आनली," ती बाजारातल्या आवाजात म्हणाली. "वेसाव्याची अंजना. मी आनि ह्या सोनूनं."

मध्यंतराचे दिवे लागेपर्यंत ती तशीच उभी होती, ज्याला तिचा चेहरा बघायचा असेल त्याला नीट दिसावा म्हणून.