जनेचं ‘नाय’

आगगाडी घाट चढू लागली त्याला वीस-एक वर्षं झाली असतील. खालापूरच्या रानात तेव्हा मुंबईसाठी कोळसा पाडत. लाकडं रचायची, वरून पाला नि माती लिंपायची, आतल्या आत धुमसू द्यायची. भट्टी पुरती निवली की फोडायची. न निवलेल्या भट्टीवर चढलं तर माती खचते नि माणूस थेट निखाऱ्यात जातो.

त्या दिवशी कर्जतला आगगाडीचा मालाचा डबा कोळशासाठी येऊन उभा होता, तो आजच भरायचा होता. आबाजी मुकादमानं धाकलूच्या हाती कुदळ दिली आणि रांगेत उभ्या मजुरांना एकेकाला विचारलं, “भट्टी थंड हाय ना?”

“हाय, मुकादम,” सदू म्हणाला.

“थंडगार,” मोरू म्हणाला. “वर निजलं तर पांघरूण लागंल.”

सगळे हसले. धाकलूही हसला. चार हातांवरून त्याला धग लागत होती, वर चढायचं त्यालाच होतं, घरी दोन लेकरं होती, तरी तोंडातून निघालं, “हाय, मुकादम.” भिसेगावच्या देवळात तो कीर्तनाला टाळ धरी. बुवांचे बोल मागून झेलायची गळ्याला सवय. पण तिथं झेलताना ऊर भरून येई. इथं नुसती जीभ हलली.

रांगेच्या टोकाला कातकऱ्यांची जना होती. तिला एरवी कुणी विचारत नसे. आबाजीनं थट्टेनं विचारलं, “तुझं काय गं, जने?”

“नाय. थंड नाय. आत विस्तव जिता हाय.”

तिनं पळसाचं पान भिजवून मातीवर ठेवलं. पानातून वाफ निघाली.

“उद्यापासनं कामाला येऊ नको,” आबाजी म्हणाला.

“नाय येत. पन आज त्याला वर चढवू नका.”

एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही. धाकलूच्या अंगावर काटा आला. खऱ्या बोलात देव उभा असतो, असं बुवा सांगत. ते त्यानं आजवर ऐकलं होतं. पाहिलं आत्ता, आणि तेही जिची सावली लोक चुकवतात तिच्यापाशी.

त्यानं कुदळ खाली ठेवली. “गरम हाय, मुकादम.”

“मलाबी मगाशी तसंच वाटलं व्हतं,” सदू जमिनीकडं बघत म्हणाला. मोरूनं मान डोलावली. मग सगळ्यांनीच.

आबाजीनं वहाणेचा पाय मातीला टेकवला नि काढून घेतला. “परवा फोडू,” म्हणाला आणि चालू लागला.

धाकलू जनेपुढे हात जोडून उभा राहिला.

“मला काय हात जोडतोस रं? जा, पानी पी. तोंड बघ कसं झालंय.”

तो पाण्याकडं गेला नाही. आबाजीच्या मागून गेला. “मुकादम, जना उद्या कामाला येनार हाय.”

आबाजी थांबला. मागं सगळी रांग उभी होती. त्यानं रांगेकडं पाहिलं. “येऊ दे तिला,” तो म्हणाला.