सतरा नंबरची वेल

बिट्टी गेली तेव्हा एकतीस वर्षांची होती. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटी. आई लवकर गेल्यामुळे तिच्या वेण्या मी घातल्या, तिचा अभ्यास मी घेतला, आणि शेवटी अडीच महिने ती ज्या वेलीचा काढा प्यायली ती वेलही घरात मीच आणली.

मी वनस्पतींच्या प्रयोगशाळेत काम करते. लोक ज्या झाडपाल्याला औषधी म्हणतात त्यात खरंच काही दम आहे का, हे तपासायचं. पानं सावलीत वाळवायची, दळायची, अर्क काढायचा आणि त्याच्यावर एकेक चाचणी लावायची. त्या वर्षी आमच्याकडे बावीस नमुने होते. सतरा नंबरची एक लवदार पानांची वेल होती, कुठल्याही कुंपणावर आपोआप चढणारी. तिच्याकडून कुणालाच काही अपेक्षा नव्हती.

पहिली चाचणी रंगाची. गडद जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब टाकायचे. शरीरातल्या पेशींची झीज रोखण्याचा गुण अर्कात असेल तर जांभळा रंग उतरून द्रावण पिवळं पडतं. त्यासाठी अर्धा तास थांबावं लागतं. सतरा नंबरने पाच मिनिटांत रंग उतरवला. आमच्या मॅडम म्हणाल्या, "परत लाव. एवढं चांगलं काही आपल्या नशिबात नसतं." मी तीनदा लावली. तिन्ही वेळा तेच.

मग उंदरांवर चाचणी केली. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. अर्क दिलेल्या उंदरांमध्ये ते दुपटीने चपळ झाले. मॅडमनी सगळ्यांना चहा पाजला. त्या आनंदातच मी वेलीची एक काडी ओल्या कागदात गुंडाळून घरी नेली, कारण बाबांना झाडांचं वेड. ते घड्याळं दुरुस्त करायचे. नजर अधू झाल्यावर दुकान सोडलं, आणि गॅलरीतले पत्र्याचे डबे हाच त्यांचा संसार झाला.

"काय करते ही?" काडी उलटसुलट बघत त्यांनी विचारलं.

"रोगप्रतिकारशक्ती वाढवते," मी बूट काढता काढता म्हणाले.

एवढंच वाक्य. बिट्टी तिथेच बसून भाजी निवडत होती.

तिला तीन वर्षांपासून एक आजार होता. त्यात शरीराचे पहारेकरी जंतूंना सोडून आपल्याच अवयवांवर तुटून पडतात. आधी बोटांचे सांधे धरले, मग गालांवर लाल चट्टे आले, मग मूत्रपिंडांना सुरुवात झाली. बिट्टी बालवाडीत शिकवायची. कुणी आजाराबद्दल विचारलं की सांगायची, "माझ्या अंगात कुंपणच शेत खातंय." पहारेकऱ्यांना गुंगी देणाऱ्या गोळ्या ती रोज घ्यायची. त्या गोळ्या ज्यांना झोपवत होत्या त्यांना माझी वेल उठवणार होती. मला हे समजत नव्हतं असं नाही. दिवसभर तेच तर करत होते. पण प्रयोगशाळेतलं डोकं मी बुटांबरोबर दाराशी काढून ठेवलं होतं.

बाबांनी ऐकलं ते एवढंच, की शक्ती वाढते. मुलगी अशक्त, तिला शक्ती हवी. बापाला याहून सरळ काय वाटणार? वेल दीड-दोन महिन्यांत गॅलरीच्या गजांवर चढली, तसे ते रोज सकाळी, मी कामावर गेले की, मूठभर पानं उकळून बिट्टीला द्यायला लागले. मला सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं. 'अजून तपास पुरा झालेला नाही' म्हणून मी मोडता घालीन ही भीती होतीच, आणि तब्येत सुधारली की मला चकितही करायचं होतं. पहिले पंधरा दिवस तिला खरंच हुशारी वाटली. तेव्हा मीच म्हणाले होते, "नव्या गोळ्या लागू पडल्या वाटतं." दोघं एकमेकांकडे बघून हसली होती. का हसली ते मी विचारलं नाही.

दोन महिन्यांनी तिचे पाय सुजले. मग चेहरा. एका सकाळी तिला उठताच येईना, तेव्हा रुग्णालयात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आमच्या गोळ्यांशिवाय दुसरं काही औषध चालू होतं?"

"छे, काहीच नाही," बाबा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. पाला म्हणजे काही औषध नव्हे, असंच त्यांना वाटत होतं. बिट्टी ग्लानीत होती.

तिचे कपडे न्यायला मी चौथ्या दिवशी घरी आले. ओट्यावर पातेलं होतं, तळाशी काळपट हिरवा गाळ. मी ते नाकाशी नेलं. तो वास सहा महिने माझ्या केसांत होता. गॅलरीत गेले तर वेल हात पोचेल तिथपर्यंत ओरबाडलेली. मी कपडे न घेताच परत फिरले.

बाबा वॉर्डाबाहेर बाकावर बसले होते.

"बाबा, काढा कधीपासून देत होता?"

त्यांचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मला अजून झोपू देत नाही.

"कळलं का तुला? अडीच महिने होत आले. एक दिवस चुकवला नाही. इथेही करून आणला असता, पण सिस्टर आत नेऊ देतील का?"

"नको," मी म्हणाले. ते माझ्याकडे बघत राहिले आणि हळूहळू तो उजेड विझला.

मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "पण हा आजार काही कारण नसतानाही उसळतो. नक्की असं कुणीच सांगू शकणार नाही."

हल्ला थांबवण्यासाठी पहारेकऱ्यांना पार निजवावं लागलं. सगळेच निजले, मग जंतूंना रान मोकळं. बिट्टीच्या छातीत संसर्ग झाला.

एका दुपारी ती चांगली शुद्धीवर होती. मी तिची नखं कापत होते.

"ताई, काढ्याचं कळलं म्हणे तुला."

"हं."

"काय घाण चव होती गं! मी म्हणायचे, बाबा, रोग परवडला पण औषध नको. तर म्हणायचे, कडू आहे म्हणजे अस्सल आहे." ती हसली आणि खोकत राहिली. खोकला थांबल्यावर म्हणाली, "त्यानेच झालं ना?"

"माहीत नाही, बिट्टे. खरंच माहीत नाही."

"बाबांना सांगू नकोस हां काही. घड्याळात धुळीचा कण राहिला तरी ते जेवायचे नाहीत, आठवतं ना?"

मी मान हलवली आणि पुढचं बोट हातात घेतलं. मी वचन दिलं असं तिला वाटलं असेल. त्यानंतर अकराव्या दिवशी ती गेली.

बाबा रडले नाहीत. महिन्याभराने समोरासमोर जेवत असताना त्यांनी मला विचारलं, "माझ्यामुळे झालं का?"

"माहीत नाही."

"तुला माहीत नसेल तर कुणाला असणार?"

हा प्रश्न घेऊन मी मॅडमकडे गेले. बिट्टीसारखा आजार असलेले उंदीर मिळतात. त्यांना सतरा नंबर द्यायचा आणि बघायचं. मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला देऊ का हे काम?" मी नाही म्हणाले. कुठल्या पिंजऱ्यात अर्क जातोय आणि कुठल्यात नुसतं पाणी, हे मला कळू नये म्हणून त्यांनी क्रमांकांची यादी पाकिटात बंद करून आपल्या कपाटात ठेवली. आठ महिने मी त्या उंदरांची वजनं घेतली, लघवी तपासली. काही लवकर सुजले, काही तग धरून राहिले. कुठले कुठले याचा अंदाज बांधायचा नाही असं मी मनाला बजावत असे. पाकीट फोडलं तेव्हा कळलं, अर्काच्या पिंजऱ्यांत बारापैकी नऊ दगावले होते. पाण्याच्या पिंजऱ्यांत बारापैकी चार.

शोधनिबंधात मॅडमनी ही गोष्ट शेवटच्या पानावर टाकली होती. मी भांडून ती पहिल्या परिच्छेदात आणली.

पाकीट फोडलं त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं. बिट्टीसमोर मान हलवून दिलेलं वचन मोडलं. उंदरांमध्ये जे होतं ते माणसात तसंच होतं असं नाही, हेही सांगितलं.

"शास्त्र राहू दे," ते म्हणाले. "माझ्या हातून झालं का?"

"आपल्या दोघांच्या हातून झालं असेल. पानं तुम्ही उकळलीत. पण वेल मी आणली. शक्ती वाढवते असं मीच म्हणाले, आणि पुढचं वाक्य बोललेच नाही."

बाबा बराच वेळ टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत होते. मग ते रडले. वर्षभराचं रडले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्या लहानपणी ते माझ्या पाठीवरून फिरवायचे तसा.

त्यानंतर काही महिन्यांनी रुग्णालयातल्या सिस्टरचा फोन आला. "तुमचे वडील दर मंगळवारी आमच्याकडे येऊन बसतात. तक्रार नाही हो. पण तुम्हाला ठाऊक असावं म्हणून सांगितलं."

मी गेले. ह्या आजाराचे रोगी मंगळवारी तपासणीला येतात. बाहेरच्या बाकांवर माणसं बसली होती आणि बाबा त्यांच्यात होते. शेजारच्या तरुणाला ते विचारत होते, "डॉक्टरांच्या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का? पाला, चूर्ण, काढा?"

तो वैतागला. "आजोबा, तुम्हाला हो काय करायचंय?"

"माझ्या मुलीला मी द्यायचो," बाबा म्हणाले. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो."

पलीकडे बसलेल्या एका बाईंनी पिशवीत हात घालून एक बाटली बाहेर काढली. बाटलीवर कसलंही नाव नव्हतं.

"हे जावेने दिलंय. आत दाखवू का?"

"दाखवा. घेत असाल तर सांगाच."

बाईंचा नंबर पुकारला गेला. त्या बाटली घेऊन आत गेल्या. मी त्यांच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"आज गर्दी कमी आहे," ते म्हणाले.