अर्धी पियाली

"नॉब फिरवून स्प्रिंग मऊ होत नाही, दादा," हाशिमजान गाडीखालूनच म्हणाला. "शॉकअप कितीही सैल करा, कडक स्प्रिंग ती कडकच. दोन्ही सुखं एका गाडीत नाही मिळायची. काय ते एक ठरवा."

गेले आठ दिवस असानकुल याच आशेवर होता की दोन्ही मिळतील.

तोकमोक गावच्या गल्ल्यांतून तीस वर्षं तो विजेचे मीटर वाचत हिंडला होता. कुत्री चावली, बायका भांडल्या, पण त्याचा चेहरा कुणाच्या लक्षात म्हणून राहिला नाही. बावन्नाव्या वर्षी मात्र त्याने उजव्या स्टिअरिंगची काळी जपानी गाडी आणली. जुनीच, पण टर्बोची, वळणावर जमिनीला चिकटून पळणारी. सगळी गल्ली हसली. "काय हो, मीटर पळून चाललेत की काय?" असं शेजारी विचारायचे. त्यानेही हसून घेतलं, आणि दर रविवारी ती गाडी नवरीसारखी धुतली.

या वसंतात त्याने तिच्यासाठी लाल स्प्रिंगांचा सेट आणून ठेवला होता. तो बसवला की गाडी चार बोटं खाली उतरणार होती. सेट पलंगाखाली खोक्यात होता, आणि त्याच पलंगावर मे महिन्यापासून अनारकान, त्याची बायको, पडून होती. आजार पाठीच्या मणक्यात शिरला होता. जुलैत मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकले. घरी न्या, मागतील ते द्या, म्हणाले.

तिने एकच मागितलं. "मला एकदा वर न्या. सोनकुलच्या तळ्यावर, आमच्या बाबांच्या कुरणावर. तोक्तोसुन सप्टेंबरात मेंढ्या घेऊन खाली उतरायच्या आत."

तोक्तोसुन तिचा धाकटा भाऊ. तो अजून दर उन्हाळ्यात त्या तळ्याकाठी तंबू ठोकायचा. पण कोचकोर गावाच्या पुढे डांबर संपतं, आणि त्यापुढचा घाट म्हणजे नुसती खडी. त्या रस्त्यावर तिची पाठ टिकली पाहिजे. सगळा प्रश्न एवढाच होता.

हाशिमजान हात पुसत बाहेर आला. "हे बघा. तुमचा लाल सेट बसवला तर गाडी दिसायला हिरा. वळणावर अशी धरेल की बघत राहाल. नाहीतर हा दुसरा, लांब मऊ स्प्रिंगा आणि जाड शॉकअप. दोन बोटं वर उचलतो. खड्डे गिळेल, पण वळणावर डोलेल. आणि दिसेल..."

"कशी दिसेल?"

"गाभण मेंढीसारखी."

मागच्या सीटवर गोधड्यांत टेकून बसलेली अनारकान खुदकन हसली. "मग लालच बसव. आमच्या ह्यांनी पाच वर्षं मला त्या लाल स्प्रिंगांची स्वप्नं ऐकवलीत. गाडी त्यांना हवी तशी झालेली मला बघायचीय. परत कधी बघणार मी?"

"तू गप्प बस," असानकुल म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. खरं सांगायचं तर तिच्या त्या बोलण्याने त्याला आतून बरंच वाटलं होतं. मग बरं वाटल्याची त्याला लाज वाटली.

"एवढं कशाला," हाशिमजान म्हणाला. "माझ्या पांढऱ्या गाडीत हाच लाल सेट आहे. वहिनींना एक फेरी मारून आणतो. पाठच सांगेल."

हाशिमजानकडे तपासायचं यंत्र नव्हतं. त्याच्याकडे होती बिनकानाची चिनी मातीची पियाली. ती चहाने काठोकाठ भरून बाजूच्या माणसाच्या हातात द्यायची, रेल्वे फाटकावरून विटांच्या गल्लीत जाऊन यायचं, आणि किती सांडलं ते बघायचं. त्याने सवयीने किटली वाकवली.

"काठोकाठ?" अनारकानने भुवया वर केल्या. "अरे हाशिमजान, आलेल्या माणसाला भरलेली पियाली कधी देतात? ऊठ बाबा, वाट धर, हे तोंडाने सांगवत नसलं म्हणजे. मला घालवायची एवढी घाई झाली का तुला?"

हाशिमजान कानापर्यंत लाल झाला. "वहिनी, तुमचं आपलं काहीतरीच!" त्याने अर्धा चहा मातीत ओतला. पाहुण्याला अर्धी द्यायची, ती संपली की पुन्हा अर्धी, म्हणजे माणूस बसून राहतो. लहानपणापासून प्रत्येक घरात हेच बघितलेलं, आणि आज धंद्याच्या नादात तो नेमका विसरला होता.

असानकुलने तिला उचलून पांढऱ्या गाडीत बसवलं. तीन महिन्यांत ती किती हलकी झाली होती! गाडी गेली. तो गॅरेजच्या दारात उभा राहिला. लांबून फाटकावरच्या रुळांचा खडखडाट त्याला ऐकू आला, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

परत आली तेव्हा ती पांढरीफटक होती, आणि हसत होती. पदरासारखा ओढलेला मोठा रुमाल तिने मांडीवर पसरला होता. पियाली रिकामी.

"काय मस्त गाडी आहे हो! मला तर झोपच लागत होती."

"चहा कुठे गेला?"

"प्यायले की. टाकून देऊ काय?"

हाशिमजान बोनेटकडे बघत उभा होता. असानकुल वाकला, एक हात तिच्या पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घालून त्याने तिला उचललं. गुडघ्यांखालचा हात ओला झाला. रुमालाखाली तिचा घागरा चहाने भिजला होता.

ती त्याच्या मानेवर डोकं टेकून हळूच म्हणाली, "त्याला रागावू नका हं. तुम्हाला न सांगायचं वचन मीच घेतलंय त्याच्याकडून."

"त्याने सांगायला कशाला हवं गं, वेडे. माझा हात भिजलाय." असानकुलला रडू आवरेना. बायकोला दोन्ही हातांवर घेऊन भर दुपारी रस्त्यात तो रडला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची त्याला पर्वा वाटली नाही. मग नाक ओढून म्हणाला, "हाशिमजान, मेंढी कर रे बाबा माझ्या गाडीची. आजच कर. आणि तो लाल सेट तुझ्याकडेच ठेव, मला घरात नको."

दोन दिवसांनी ते निघाले. बूमच्या खिंडीत गाडी प्रत्येक वळणावर डोलली. मागून येणाऱ्या पोरांनी हॉर्न मारून चेष्टा केली. असानकुलने त्यांना वाट दिली. कोचकोरनंतर खडी लागली तेव्हा त्याने आरसा खाली वळवला. अनारकान तोंड उघडं टाकून झोपली होती, बारीक घोरत होती. या वेळी खरोखर झोपली होती. त्याने मनातल्या मनात हाशिमजानला आशीर्वाद दिला.

सहा दिवस ती तळ्याकाठी लोकरीच्या नमद्यावर बसली. घोडीच्या दुधाचा एक-एक घोट घेतला, भावजयीला लोणी काढताना चुका दाखवल्या, लहानपणच्या टेकड्यांना नावांनी हाका मारल्या. सातव्या सकाळी ती उठली नाही.

पुरायला खाली गावी आणायची होती. ती मागच्या सीटवर, डोकं तोक्तोसुनच्या मांडीवर. घाटात खड्डा आला की असानकुल ब्रेक दाबायचा, कडेने चाक घालायचा, पायी चालल्यासारखी गाडी न्यायचा. तीन-चार वळणं तोक्तोसुनने बघितलं. मग म्हणाला, "दाजी, आता..." असानकुलने पुढचाही खड्डा चुकवला.

ऑक्टोबरात तिच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं. त्यानंतर टायर एका बाजूने झिजतायत म्हणून तो गॅरेजला गेला. हाशिमजानने अलाइनमेंट करून दिली. मग बराच वेळ पाना पुसत राहिला.

"दादा, तो लाल सेट मी कुणाला दिला नाही. म्हटलं... वहिनींनाही बघायचं होतं. तुम्ही म्हणाल तर बसवून देतो."

अंगणात गाडी उभी होती. उंच, बावळट, गाभण मेंढीसारखी. असानकुलने तिच्या टपावर हात ठेवला.

"राहू दे. सवय झालीय."

"बरं. मग फेरी मारून बघा." हाशिमजानने किटली वाकवली आणि सवयीने पियाली भरली, काठोकाठ. भरल्यावर त्याच्या लक्षात आलं, पण उशीर झाला होता.

असानकुलने पियाली हातात घेतली, अर्धा चहा मातीत ओतला. बाजूच्या रिकाम्या सीटवर अनारकानचा रुमाल अजून होता. त्याच्या घडीत त्याने पियाली नीट टेकवली आणि निघाला. फाटक ओलांडलं, विटांची गल्ली फिरून आला. रुमाल कोरडा होता.

तो गॅरेजच्या बाकावर येऊन बसला. गार झालेला चहा त्याने एका घोटात संपवला. उठून घरी जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. घरी कोण होतं? पण बसू का, असं विचारायचंही त्याला सुचेना. त्याने नुसतीच रिकामी पियाली पुढे केली.

हाशिमजानने ती घेतली, आणि या वेळी अर्धीच भरली.