जवसापाशी डावीकडे

फाटकाची कडी उघडी दिसली आणि सुनेनं आधी वळून ओसरीकडे पाहिलं. मघाशी कापणीच्या यंत्राचा ड्रायव्हर पाणी मागायला आला होता. तो गेल्यावर कडी लावायची तीच विसरली. आता सासऱ्यांची खुर्ची रिकामी, काठी जागेवर नाही, आणि फाटकाबाहेर डोक्याहून उंच मका.

सासऱ्यांना हल्ली मुलाचं नावसुद्धा आठवत नसे, पण शेतातली फेरी पायांना पाठ होती. निळ्या जवसापाशी डावीकडे वळायचं, करडईचे काटे टोचले की घर आलंच. पुढे करडई गेली, हरभरा गेला, जो तो मक्याच्या मागे लागला. जवसाचा एक पट्टा तेवढा मुलानं बापासाठी राखला होता. यंदा तोही मोडायला लावला तो हिनंच. एवढ्याशा निळ्या फुलांचं काय लोणचं घालायचंय, असं म्हणाली होती. तेव्हापासून म्हाताऱ्यांना कडीत ठेवावं लागत होतं.

यंत्राची घरघर कानावर आली तशी ती अनवाणीच धावली. हाका मारल्या, पण त्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येईना. ती मक्यात घुसली. पानं गालावर ओरखडे काढत होती. इकडून तिकडे वळता वळता तिच्या लक्षात आलं, घर कुठल्या बाजूला ते आता तिलाही सांगता येणार नाही. मग मात्र ती पुरती घाबरली.

सासरे एका सरीत उकिडवे बसून जमीन चाचपत होते. तिनं त्यांचा दंड धरला, पण ते उठेनात. मागची मक्याची ताटं हलायला लागली होती. तिनं काठी हिसकावली, टोकाला आपल्या डोक्यावरचा लाल रुमाल बांधला आणि जिवाच्या आकांतानं हलवत राहिली.

यंत्र थांबलं तेव्हा त्याचे दाते हाताच्या अंतरावर होते. ड्रायव्हर पांढराफटक पडला होता. वरून नुसता मका दिसतो हो, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

ती काठी घट्ट धरून सरीतच खाली बसली. सासऱ्यांनी तिचा हात थोपटला.

"घाबरू नकोस, पोरी. जवस दिसला की डावीकडे वळायचं. दिसतोय का तुला?"

तो कुणी मोडला हे सांगायची तिची छाती झाली नाही.

"शोधू या, बाबा," ती म्हणाली.

आणि तिच्याकडून काठी मागून घेऊन ते खरंच शोधायला निघाले.